पृथ्वीभोवती अडकलेला एक कण पकडा अन् त्याची पूर्ण फेरी स्वतः काढा

रब्बीत आमच्याकडे मोटारीची लाईन बहुतेक रात्रीच येते, त्यामुळं हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात जावं लागतं. स्प्रिंकलरचे पाईप एकदा मांडले की पुढचे तीन-चार तास शेकोटीजवळ धुऱ्यावर बसून राहायचं, दुसरं काम नाही. मागच्या हिवाळ्यात घरचे सगळेच आले होते अन् बारावी सायन्सची पुतणी वर पाहत एकदम म्हणाली, "काकाजी, पृथ्वीभोवती रेडिएशनचे पट्टे आहेत म्हणे, मग त्यातले कण खाली काऊन पडत नाहीत? अन् उडून काऊन नाही जात?"

प्रश्न इतका नेमका होता की तोंडी उत्तर देऊन भागलं नसतं. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं वही अन् मोबाईल घेऊन बसलो, एकच कण धरला, अन् तो कसा फिरतो, कुठून परततो, पृथ्वीला चक्कर किती वेळात मारतो हे सगळं हातानं काढलं. तेच इथं पायरीपायरीनं लिहितो. बारावीचा 'गतिमान चार्ज आणि चुंबकत्व' हा धडा झाला असेल तर पुरे. एक वही, मोबाईलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, अन् शेवटच्या कामासाठी पायथॉन चालणारा फोन किंवा कॉम्प्युटर एवढंच लागतं. वाचून सोडू नका, प्रत्येक आकडा स्वतः काढा, नुसतं वाचून यातलं काही डोक्यात बसत नाही हे मी अनुभवानं सांगतो.

पायरी १ : आधी आपल्या वावरातलं चुंबकीय फील्ड मोजा

बहुतेक स्मार्टफोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो. मॅग्नेटोमीटरचं कोणतंही फुकट ॲप टाका, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-चार वेळा फिरवा म्हणजे सेन्सर जागेवर येतो, अन् मोकळ्या वावरात उभे राहा. मोटारीचा स्टार्टर, लोखंडी पाईप, तारेचं कुंपण, गाडी, हे सगळं दहा-पंधरा पावलं लांब ठेवा. आपल्या विदर्भात ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास आकडा दिसेल. घरात मोजलं तर लोखंडी कपाट अन् पंखा मधे येऊन काहीही दिसतं.

आता हा आकडा नॅनोटेस्लात लिहा, म्हणजे ४० ते ४५ हजार. पुढं सगळीकडं नॅनोटेस्लाच वापरायचं. एकक बदललं की सगळं बिघडतं, आमचं पहिलं उत्तर एक हजार पटीनं चुकलं होतं ते फक्त मायक्रो अन् नॅनोच्या घोटाळ्यानं, अन् ती चूक शोधण्यात दोन रात्री गेल्या.

पृथ्वीचं फील्ड ढोबळमानानं एका दांडीचुंबकासारखं धरता येतं. चुंबकीय विषुववृत्तावर जमिनीलगत ते साधारण ३१,००० नॅनोटेस्ला असतं अन् अंतराच्या घनानं कमी होतं, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून दुप्पट लांब गेलं की आठवा हिस्सा, चौपट लांब गेलं की चौसष्टावा. अंतर पृथ्वीच्या त्रिज्येत मोजायचं, एक त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. फील्डची एखादी रेषा विषुववृत्तावर जितक्या त्रिज्या लांब जाते त्या आकड्याला या विषयातले लोक 'एल' म्हणतात.

एल २ असेल तर ३१,००० भागिले ८, म्हणजे ३,८७५.
एल ४ असेल तर ३१,००० भागिले ६४, म्हणजे ४८४.
एल ६.६ असेल तर साधारण १०८. टीव्हीचे अन् हवामानाचे भूस्थिर उपग्रह इथंच, ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात.

एल ४ चा ४८४ हा आकडा वहीत वर लिहून ठेवा, आपला कण तिथंच राहतो. दांडीचुंबकाचा हिशेब चार-पाच त्रिज्यांपर्यंत चांगला चालतो. त्याच्या पलीकडं सूर्याकडून येणारा चार्ज असलेल्या कणांचा वारा, म्हणजे सौरवारा, दिवसाच्या बाजूनं फील्डला साधारण दहा त्रिज्यांपर्यंत दाबून ठेवतो अन् रात्रीच्या बाजूला लांब शेपटी ओढतो, तिथं हा सोपा हिशेब लावू नका.

पायरी २ : प्लाझ्मा म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या

गॅस इतका तापला किंवा त्याच्यावर सूर्याचे किरण इतके पडले की अणूतून इलेक्ट्रॉन सुटतात, मग उरतो प्लस अन् मायनस कणांचा मोकळा घोळका. विजेचा लोळ प्लाझ्मा, पेटलेल्या ट्यूबलाईटच्या आत प्लाझ्मा. पण अवकाशातला प्लाझ्मा फार विरळ असतो. आपल्या नाकाजवळच्या एका घनसेंटिमीटर हवेत २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात, अन् पृथ्वीजवळ पोचणाऱ्या सौरवाऱ्यात तेवढ्याच जागेत साधारण पाच प्रोटॉन, तेही सेकंदाला ४०० किलोमीटरच्या वेगानं धावणारे.

इतक्या विरळ जागेत कण एकमेकांना धडकतच नाहीत म्हणा ना. हवेतला रेणू शेजाऱ्याचे धक्के खात जातो, इथला कण फक्त फील्डचं ऐकतो. म्हणूनच एक कण धरून हिशेब करणं इथं चालतं.

पायरी ३ : पहिली चाल, गोल फिरणं

ज्यांनी जुन्या काळचं खळं पाहिलं त्यांना हे लगेच समजेल. मधे मेढ, मेढीला दावं, दाव्याला बैल, बैल पुढं जायला पाहतो अन् दावं त्याला आत ओढतं, म्हणून तो गोल फिरतो. चुंबकीय बलही नेहमी कणाच्या चालीला काटकोनात असतं. ते कणाला ना पळवतं ना थांबवतं, फक्त वळवत राहतं. हे वाक्य पक्कं लक्षात ठेवा, चुंबकीय फील्ड एकटं कणाची ऊर्जा कधीच बदलत नाही. पायरी सातमध्ये आपला प्रोग्राम बरोबर आहे का चूक ते यावरूनच कळणार आहे. मेढीच्या जागी फील्डची रेषा असते, अन् प्रोटॉन एका दिशेनं फिरला तर इलेक्ट्रॉन उलट दिशेनं.

हे डोळ्यानं पाहायचं असेल तर कबाडीवाल्याकडं जुना ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, तो मागं पोट असलेला, चालू हालतीत मिळतो का पाहा. आम्हाला एक मिळाला. तो लावला, पडद्यावर मुंग्या आल्या, त्यावर कार्टूनची एक जुनी सीडी चालवली अन् खराब स्पीकरचा गोल चुंबक काचेजवळ आणला. चित्रातल्या माणसाचं डोकं एका बाजूला ओढलं गेलं, चुंबक पलटवला तर दुसऱ्या बाजूला. ट्यूबच्या मागून पडद्याकडं येणारे इलेक्ट्रॉन वाटेतच वळत होते. पुतणी दहा मिनिटं चुंबक पुढं-मागं करत बसली होती अन् मी तिला थांबवलं नाही. रंगीत टीव्हीवर मात्र करू नका, त्यावर कायमचे डाग पडतात. अन् टीव्हीचं मागचं झाकण कधीच उघडू नका, स्विच बंद केल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज राहतो.

आता हिशेब. पुस्तकात त्रिज्या = वस्तुमान × वेग ÷ (चार्ज × फील्ड) असं असतं, पण हे कण प्रकाशाच्या वेगाजवळ धावतात, म्हणून थोडं बदलून घेतलेलं हे सूत्र हातात ठेवा.

संवेग = वर्गमूळ (ऊर्जेचा वर्ग + २ × ऊर्जा × स्थिर ऊर्जा)
त्रिज्या किलोमीटरमध्ये = ३,३३३ × संवेग ÷ फील्ड

ऊर्जा अन् संवेग एमईव्हीमध्ये, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, फील्ड नॅनोटेस्लात. स्थिर ऊर्जा, म्हणजे थांबलेल्या कणाच्या वस्तुमानातलीच ऊर्जा, इलेक्ट्रॉनची ०.५११ अन् प्रोटॉनची ९३८.३.

१ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन घ्या, पट्टे दोन आहेत, आतला अन् बाहेरचा, त्यातल्या बाहेरच्या पट्ट्यात असे पुष्कळ असतात. १ चा वर्ग १, त्यात २ × १ × ०.५११ मिळवले की २.०२२, वर्गमूळ १.४२२. गुणिले ३,३३३, भागिले ४८४. उत्तर ९.८ किलोमीटर. प्रकाशाच्या ९४ टक्के वेगानं धावणारा कण, अन् त्याचं वर्तुळ आमच्या गावापासून बाजाराच्या गावाएवढं सुद्धा नाही. दावं किती आखूड आहे पाहा! उडून काऊन जात नाही याचं उत्तर हेच.

आता ०.१ एमईव्हीचा प्रोटॉन काढा, ९४ किलोमीटर येतील. अन् १० एमईव्हीचा प्रोटॉन, संवेग १३७.४, त्रिज्या ९४६ किलोमीटर. हा तिसरा पुढं प्रोग्राममध्ये वापरायचा आहे, वर्तुळ मोठं असल्यानं चित्रात चांगला दिसतो. सेकंदाला किती गिरक्या तेही काढा, प्रोटॉनसाठी दर नॅनोटेस्लाला ०.०१५२५, म्हणजे एल ४ वर सेकंदाला सातच्या थोड्या वर. संथ इलेक्ट्रॉनला दर नॅनोटेस्लाला २८, पण आपल्या १ एमईव्हीवाल्याचं वस्तुमान वेगामुळं २.९६ पट वाढलंय, तेवढ्यानं भागा, साधारण ४,६०० गिरक्या सेकंदाला.

पायरी ४ : दुसरी चाल, उत्तर-दक्षिण झोके

कण नुसता गोल फिरत नाही, रेषेच्या लांबीनं पुढंही सरकतो, म्हणून वाट स्प्रिंगसारखी होते. मग रेषेबरोबर सरकत सरकत तो ध्रुवाकडून जमिनीवर आदळायला पाहिजे, हीच तर पुतणीची पहिली शंका होती.

तुराट्यांची मोळी दोन्ही टोकांना आवळून बांधली अन् मधे ढिली सोडली तर कशी दिसते, तशा फील्डच्या रेषा विषुववृत्तावर फाकलेल्या अन् ध्रुवांकडं आवळलेल्या असतात. कण आवळलेल्या बाजूला जातो तसं फील्ड वाढतं, अन् रेषा तिरप्या असल्यामुळं प्रत्येक गिरकीत त्याला थोडासा मागं ढकलणारा रेटा बसतो. एकूण वेग तर बदलू शकत नाही, मग होतं असं की पुढं जाण्याचा वेग घटतो अन् गोल फिरण्याचा तेवढाच वाढतो. एका जागी पुढचा वेग शून्य होतो अन् कण परत फिरतो. दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. याला चुंबकीय आरसा म्हणतात.

कुठून परतेल ते एका सूत्रावरून कळतं. कणाची चाल अन् रेषा यांच्यातल्या कोनाला पिच कोन म्हणतात, त्याच्या साईनचा वर्ग भागिले फील्ड हे सगळ्या वाटेवर एकसारखं राहतं. परतीच्या जागी कोन ९० होतो, साईन १. म्हणजे विषुववृत्तावर ४५ अंशानं निघालेला कण फील्ड दुप्पट झालं की परततो, अन् दांडीचुंबकाच्या रेषेवर ती जागा २३ अंश चुंबकीय अक्षांशाजवळ येते. हा २३ लिहून ठेवा, तपासायला लागेल.

आता खाली कोण पडतं? ज्याचा कोन इतका लहान की परतायच्या आधीच तो वातावरणात शिरतो तो. एल ४ साठी हिशेब केला तर विषुववृत्तावर साधारण ५.३ अंशापेक्षा कमी कोन असलेलेच पडतात, बाकी सगळे झोके घेत राहतात. नव्वद अंशांच्या कोनात फक्त पाच अंशांची फट! पण पट्ट्यात प्लाझ्माच्या लहरी असतात, त्या कणांचे कोन हळूहळू बदलून काहींना या फटीत ढकलतात, म्हणून पट्टे थोडे थोडे गळत राहतात.

झोक्याला लागणारा वेळ असा काढा.

वेळ = (४ × एल × ६,३७१ ÷ वेग) × (१.३० − ०.५६ × साईन कोन)

वेग किलोमीटर प्रति सेकंद. १ एमईव्ही इलेक्ट्रॉनचा वेग २ लाख ८२ हजार, ४५ अंशाला उत्तर सेकंदाचा तिसरा हिस्सा. उत्तर गोलार्धातून दक्षिणेत जाऊन परत, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. १० एमईव्ही प्रोटॉनचा वेग ४३,४०० धरा, २.१ सेकंद येतील. ०.१ एमईव्ही प्रोटॉनला २१ सेकंद लागतात.

इथं आपल्या भागाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेषेचा पाय जमिनीला कुठं टेकतो ते सोपं आहे, अक्षांशाच्या कोसाईनचा वर्ग = १ ÷ एल. एल ४ चा पाय ६० अंशावर, एल २ चा ४५ वर. आता उलटं करा, विदर्भाचा चुंबकीय अक्षांश १२ च्या आसपास, म्हणजे आपल्या पायाखालून निघणारी रेषा तीनशे किलोमीटरच्या आसपास वर जाते अन् लगेच दक्षिणेला खाली उतरते. पट्टे त्याच्या कितीतरी वर. आपल्या डोक्यावर सरळ वर गेलं तर पट्टा लागतो खरा, पण तिथल्या रेषांचे पाय पार वर थंड देशात अन् खाली दक्षिण गोलार्धात. रेषांवरून खाली उतरणारे कण वरची हवा उजळवतात तोच ध्रुवीय प्रकाश, त्यामुळं तो नॉर्वेवाल्यांना दिसतो अन् आपल्याला दिसत नाही. मे २०२४ च्या मोठ्या चुंबकीय वादळात, म्हणजे सौरवाऱ्यानं पृथ्वीचं फील्ड हलवून सोडलं तेव्हा, लडाखच्या हानलेतून आकाश लाल दिसलं होतं, ते फार उंचावरचं लाल होतं म्हणून इतक्या खालून दिसलं.

पायरी ५ : तिसरी चाल, पृथ्वीला प्रदक्षिणा

ट्रॅक्टर गोल गोल फिरवत असताना वर्तुळाच्या एका अर्ध्यात स्टिअरिंग जास्त तोडलं अन् दुसऱ्या अर्ध्यात थोडं ढिलं सोडलं तर वर्तुळ बंद होत नाही, प्रत्येक फेरीत ट्रॅक्टर थोडा बाजूला सरकतो. कणाचंही तसंच. वर्तुळाची पृथ्वीकडची बाजू जास्त फील्डमध्ये, तिथं वळण घट्ट. बाहेरची बाजू कमी फील्डमध्ये, तिथं वळण सैल. म्हणून पूर्ण वर्तुळ आडवं सरकत सरकत पृथ्वीला चक्कर मारतं. अन् प्रोटॉन-इलेक्ट्रॉन उलटे फिरत असल्यामुळं सरकतातही उलटे, प्रोटॉन पश्चिमेकडं अन् इलेक्ट्रॉन पूर्वेकडं.

विषुववृत्तावरच राहणाऱ्या, म्हणजे ९० अंशाच्या कणासाठी,

प्रदक्षिणेची मिनिटं = ४४ ÷ (एल × ऊर्जा)

हा ४४ हवेतून आला नाही, पृथ्वीची त्रिज्या अन् ३१,००० नॅनोटेस्ला यातूनच निघतो, वेळ असेल तर काढून पाहा. १० एमईव्ही प्रोटॉनला १.१ मिनिट, म्हणजे ६६ सेकंद. ०.१ एमईव्हीवाल्याला ११० मिनिटं. १ एमईव्ही इलेक्ट्रॉनसाठी ऊर्जेच्या जागी ०.६७ घ्या, वेगामुळं तेवढी दुरुस्ती करावी लागते, १६ मिनिटं येतात. कोन ४५ असेल तर वेळ साधारण दहा टक्के वाढतो, आपला १० एमईव्ही प्रोटॉन ७२ सेकंदांच्या आसपास जाईल.

तिन्ही चाली एकमेकांशेजारी लिहा अन् आकडे पाहा. इलेक्ट्रॉनची गिरकी सेकंदाच्या साडेचार हजाराव्या हिश्शात, झोका तिसऱ्या हिश्शात, प्रदक्षिणा १६ मिनिटांत. तिन्हीत एवढं अंतर असल्यामुळंच स्वीडनचे हानेस आल्वेन यांनी गिरकी बाजूला ठेवून फक्त तिच्या मध्यबिंदूचा हिशेब करायची पद्धत आणली. प्लाझ्मावरच्या त्यांच्या मूलभूत कामाला १९७० चं नोबेल मिळालं. त्याआधी नॉर्वेचे कार्ल स्टॉर्मर हे सगळं कागदावर, एकेक टप्पा हातानं काढत होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला! आपल्या हातात तर मोबाईल आहे.

पायरी ६ : विद्युत फील्ड आलं तर

थोडक्यात सांगतो. चुंबकीय फील्डच्या जोडीला विद्युत फील्ड असलं तर सगळे कण, प्लस असो का मायनस, हलका असो का जड, एकाच दिशेनं एकाच वेगानं सरकतात. वेग = विद्युत फील्ड ÷ चुंबकीय फील्ड. थंड प्लाझ्मासाठी हीच मुख्य चाल. पृथ्वीभोवती अशा थंड प्लाझ्माचा चार-पाच त्रिज्यांपर्यंतचा एक गोळा पृथ्वीबरोबरच फिरत असतो, वादळात तो सोलल्यासारखा लहान होतो. आपल्या गरम कणांवर या चालीचा परिणाम कमी, म्हणून प्रोग्राममध्ये सोडून दिली तरी चालेल.

पायरी ७ : आता कण चालवा

पायथॉन येत नसेल तर पहिल्या दिवशी फक्त बेरीज अन् लूप शिका, तेवढ्यावर हे होतं. अंतर पृथ्वीच्या त्रिज्येत, वेळ सेकंदात, फील्ड टेस्लात ठेवा. क्ष अन् य विषुववृत्ताच्या पातळीत, झ उत्तरेकडं, अ म्हणजे केंद्रापासूनचं अंतर.

क्ष दिशेचं फील्ड = −३ × ०.०००००३१ × १० × क्ष × झ ÷ अ चा पाचवा घात
य दिशेचं फील्ड = −३ × ०.०००००३१ × १० × य × झ ÷ अ चा पाचवा घात
झ दिशेचं फील्ड = ०.०००००३१ × १० × (अ चा वर्ग − ३ × झ चा वर्ग) ÷ अ चा पाचवा घात

दहानं गुणलंय ते फक्त शून्यं मोजताना चूक होऊ नये म्हणून, मूळ आकडा ०.००००३१ टेस्ला म्हणजेच आपले ३१,००० नॅनोटेस्ला.

सुरुवात क्ष = ४, य = ०, झ = ०. वेग सेकंदाला ६.८ त्रिज्या, ४५ अंशात वाटून य दिशेला ४.८ अन् झ दिशेला ४.८. प्रोटॉनचा चार्ज भागिले वस्तुमान ९ कोटी ५८ लाख कूलॉम प्रति किलो, वेगामुळं वस्तुमान १ टक्का वाढतं म्हणून ९ कोटी ४८ लाख घ्या.

आता महत्त्वाचं. साधी पद्धत, म्हणजे बल काढा, वेगात मिळवा, जागा बदला, ती इथं वापरू नका. आम्ही आधी तीच वापरली अन् कण दर फेरीत जास्त वेगानं पळायला लागला, वर्तुळ वाढत वाढत चित्राच्या बाहेर गेलं. चुंबकीय फील्ड ऊर्जा बदलत नाही हे माहीत होतं म्हणूनच चूक आमच्या पद्धतीत आहे हे कळलं. या कामासाठी जगभर बोरिस पद्धत वापरतात, ती वेगाला ढकलत नाही, फक्त फिरवते.

ट = फील्ड × (चार्ज ÷ वस्तुमान) × (डीटी ÷ २)
स = २ × ट ÷ (१ + ट चा वर्ग)
मधला वेग = वेग + (वेग क्रॉस ट)
नवा वेग = वेग + (मधला वेग क्रॉस स)
नवी जागा = जुनी जागा + नवा वेग × डीटी

क्रॉस म्हणजे व्हेक्टरचा क्रॉस गुणाकार. डीटी म्हणजे एका टप्प्याचा वेळ, ०.००२ सेकंद ठेवा, एका गिरकीत साठ-सत्तर टप्पे पडतात अन् परतीच्या जागी फील्ड दुप्पट होतं तिथंही पुरतात. ७५ सेकंदांसाठी साडेसदतीस हजार टप्पे, साधा फोनही हे करतो. दर दहाव्या टप्प्याची जागा साठवा, सगळ्या साठवल्या तर चित्र काढताना फोन अडकतो.

मग तपासा, याच क्रमानं. पहिलं, शेवटचा वेग सुरुवातीइतकाच आहे का. नसेल तर पुढचं काही पाहू नका, क्रॉस गुणाकारातलं एखादं चिन्ह चुकलंय. दुसरं, कण २३ अंशाजवळून परततो का. तिसरं, झोका २.१ सेकंदांच्या जवळ आहे का. चौथं, पश्चिमेकडं, म्हणजे उत्तरेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा सरकत साधारण ७० सेकंदांत चक्कर पूर्ण होते का. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण या प्रोटॉनचं वर्तुळ शेकडो किलोमीटरचं, त्यामुळं त्याचा मध्यबिंदू ४ वर नसून थोडा बाहेर पडतो. पाच-दहा टक्क्यांचा फरक चालू द्या.

आमचं चित्र पहिल्यांदा बरोबर आलं ती दुपार मला आठवते, स्प्रिंगसारखी वाट वर-खाली होत पृथ्वीभोवती पूर्ण कडं करून आली, एका कड्यात चौतीसेक झोके, पाचशेच्या वर गिरक्या. पुतणीनं लगेच चार्जचं चिन्ह मायनस केलं. कण पूर्वेकडं निघाला.

पायरी ८ : आकाशातल्या आकड्यांशी जोडा

चिन्ह बदललं की दिशा बदलते यातून एक मोठी गोष्ट निघते. प्लस पश्चिमेला अन् मायनस पूर्वेला, म्हणजे दोन्ही मिळून वीज एकाच दिशेनं, पश्चिमेकडं वाहते. पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर वर विजेचं एक कडं. वादळात या कड्यात कण वाढले की त्याचं स्वतःचं फील्ड जमिनीवरचं फील्ड थोडं कमी करतं, अन् हे आपल्यासारख्या विषुववृत्ताजवळच्या भागात सगळ्यात स्वच्छ दिसतं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळा नागपूरला अन् अलिबागला हेच मोजतात. अलिबागची वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती, विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ च्या सुमारास ती हलवावी लागली. त्याच कुलाब्याच्या यंत्रानं सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड वादळात फील्ड साधारण १,६०० नॅनोटेस्लानं खाली गेलेलं टिपलं. मे २०२४ च्या वादळात जगभरच्या वेधशाळांवरून काढलेली घट ४०० च्या आसपास होती. फोनच्या सेन्सरवर ही घट शोधू नका, त्याची स्वतःची थरथर जवळपास तेवढीच असते.

कणच मोजायचे तर उपग्रह लागतो. जानेवारी १९५८ च्या शेवटी सुटलेल्या एक्सप्लोरर १ वर जेम्स व्हॅन ॲलन यांनी कण मोजणारा गायगर काउंटर ठेवला होता, अन् तो जास्त उंचीवर गेला की चक्क शून्य दाखवायचा. तिथं कण नव्हते असं नाही, इतके होते की काउंटरला मोजताच येईना. तिथूनच हे पट्टे सापडले. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं यान आदित्य एल १ (यातला एल आपल्या वरच्या एलपेक्षा वेगळा) हे २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं अन् जानेवारी २०२४ पासून पंधरा लाख किलोमीटरवरून सौरवाऱ्यातले कण अन् फील्ड मोजतंय, पृथ्वीवर येणारा वारा त्याच्यावरून आधी जातो.

ज्यांच्या गावात आता ड्रोननं पऱ्हाटीवर फवारणी होते त्यांनी तर हे बघायलाच पाहिजे असं मला वाटतं, कारण जीपीएसचा सिग्नल वरच्या प्लाझ्मातूनच येतो अन् वादळाच्या दिवसांत, खास करून सूर्य बुडाल्यावर, जागा दाखवण्यात चूक वाढू शकते.

गुरूसाठीही हीच सूत्रं चालतात, तिथं विषुववृत्तावरचं फील्ड ३१,००० च्या जागी ४ लाख २० हजारच्या आसपास धरा अन् अंतर गुरूच्या त्रिज्येत घ्या. आयो हा चंद्र साधारण सहा त्रिज्यांवर, तिथं आपल्या १ एमईव्ही इलेक्ट्रॉनचं वर्तुळ किती ते काढा, अडीच किलोमीटरच्याही आत आलं पाहिजे. मंगळाला पूर्ण ग्रहाचं फील्डच उरलं नाही, म्हणून तिथं असे पट्टे नाहीत.

आता पुढचं वादळ येईल तेव्हा काय करायचं ते सांगतो. नोआ या अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या अवकाश हवामान पानावर केपी नावाचा आकडा असतो, पृथ्वीचं चुंबकीय फील्ड किती हललं ते सांगणारा, ० ते ९. तो ७ च्या वर गेला की त्याच पानावरचा गोझ या भूस्थिर उपग्रहाचा इलेक्ट्रॉनचा आलेख उघडा, २ एमईव्हीच्या वरच्या कणांचा. वादळ जोरात असताना तो बहुतेक वेळा एकदम खाली पडतो, मग एक ते तीन दिवसांत परत चढतो, अन् कधी कधी आधीपेक्षा कितीतरी वर जातो. १,००० ची रेषा ओलांडली की तिथं इशारा लागतो, कारण असे इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या आतल्या तारांपर्यंत शिरून चार्ज साठवतात. रोज ठरलेल्या एकाच वेळी आकडा वहीत लिहा, उपग्रह दिवसाच्या बाजूला असतो तेव्हा आकडा तसाही जास्त असतो अन् रात्री कमी, वेळ बदलली तर तुलना चुकते. आमच्या वहीत तारीख, वेळ, केपी अन् इलेक्ट्रॉन असे चार रकाने आहेत, अन् ते पुतणी भरते.